ऊब, पेटीची आणि आईची

(दृश्य: टेबलावर वाळू भरलेली कापडी बाहुली. सिस्टर तिच्यावर मगमधलं कोमट पाणी ओततात.)

ही बाहुली आत्ता जन्मली. ओली आहे. खरं बाळही असंच ओलंचिंब येतं आणि आल्या क्षणापासून त्याचं अंग वाळायला लागतं. वाळताना पाणी अंगातली उष्णता घेऊन जातं. ओल्या अंगानं पंख्याखाली उभं राहिलं की आपल्याला हुडहुडी भरते. नवजात बाळाला धड कुडकुडताही येत नाही. मानेपाशी, दोन खांद्यांच्या मधे तपकिरी चरबीचा थोडा साठा असतो, तो जाळून ते स्वतःला ऊब देतं. कमी दिवसांच्या बाळाकडे तोही जेमतेम असतो.

(दृश्य: सिस्टर बाहुली पुसतात. पहिला टॉवेल बाजूला फेकतात.)

डोकं, पाठ, काखा, जांघा. हा टॉवेल ओला झाला, गेला. आता दुसरा, कोरडा. सिस्टर हे तीनदा करून दाखवतात. चूक नेमकी इथेच होते. ज्या कापडानं पुसलं, त्याच ओल्या कापडात बाळाला गुंडाळलं जातं आणि सगळ्यांना वाटतं, चला, बाळ झाकलं.

समोर नऊ जणी बसल्यात. काहींचं बाळ मांडीवर, काहींचं अजून पोटात. "बाळाला गरम ठेवा" हे वाक्य प्रत्येकीनं ऐकलेलं आहे. कसं ठेवायचं, हे विचारल्यावर मात्र खोली गप्प होते.

(दृश्य: वजनकाट्याचं ताट. सिस्टर एकीचा हात धरून ताटावर ठेवतात. ती हात मागे घेते.)

गार लागलं ना, ताई? मग बाळाला तसंच उघडं यात ठेवायचं का? आधी कापड पसरायचं. दाराच्या फटीतून येणारी झुळूक, हे उष्णता जाण्याचं आणखी एक दार. आणि गार भिंत. तिला बाळाचा स्पर्शही होत नाही, तरी जवळ असली की ती बाळाची ऊब ओढत राहते. पाळणा खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब हवा, तो यासाठी. पहिली आंघोळही लगेच नको. निदान २४ तास थांबायचं.

(दृश्य: अगदी जवळून. हाताची मागची बाजू बाळाच्या पोटावर, मग तळपायावर.)

थर्मामीटर काखेत लावला तर ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस दिसायला हवं. पण रात्री तीन वाजता थर्मामीटर सापडत नाही, हात सापडतो. पोट गरम, पायही गरम: बाळ मजेत आहे. पोट गरम, पाय गार: बाळाची सगळी ताकद ऊब टिकवण्यात चालली आहे, त्याला लगेच अंगाशी घ्या. पोट आणि पाय दोन्ही गार: कातडीला कातडी लावूनच थेट दवाखाना गाठा. असं बाळ नीट ओढून पीत नाही, सुस्तावतं, त्याची साखर उतरते. आणि उलटही होतं. थरावर थर चढवून लालबुंद केलेलं बाळ आम्ही याच खोलीत पाहिलं. गरम पाण्याची पिशवी तर नकोच, ती कोवळी कातडी भाजते.

(दृश्य: ओळीनं काचेच्या पेट्या. कॅमेरा हळूहळू सरकतो.)

या पेट्यांनी असंख्य बाळं जगवली आहेत. पण १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, एका मोठ्या सरकारी प्रसूती रुग्णालयात, पेट्या पुरतच नव्हत्या. एकेका पेटीत एकाहून जास्त बाळं. एकाचा जंतू दुसऱ्याला. आया बाहेर, काचेपलीकडे. काही तर बाळाला तिथेच सोडून निघून जात. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी त्यावर काय करावं? बाळाला पेटीतून काढून आईच्या छातीशी, उघड्या अंगाला बांधलं. पुढच्या वर्षी डॉ. हेक्टर मार्टिनेझ त्यांना येऊन मिळाले. कांगारूचं पिल्लू अर्धवट वाढलेलं जन्मतं आणि आईच्या पिशवीत, स्तनाला चिकटून पुरं होतं. नाव तिथूनच आलं: कांगारू मदर केअर. बरीच वर्षं जगानं याला गरिबाघरची तडजोड मानलं. आमचं मत विचाराल, तर काचेआडून पाहायला येणारी बाई पाहुणी नव्हतीच. उपचार तिच्यापाशीच होता.

(दृश्य: एक आई आरामखुर्चीत. सिस्टर बाळ तिच्या छातीवर ठेवून पट्टा बांधतात. काट्यावर मघाशी आकडा दिसला होता: १ किलो ६४० ग्रॅम.)

नीट बघा. बाळ उभं, दोन स्तनांच्या मधे. अंगावर फक्त टोपी, मोजे, लंगोट. पाय बेडकासारखे दुमडलेले. मान एका कुशीला, किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. पट्टा छातीशी घट्ट, कानाच्या पाळीपर्यंत. पोटाशी मात्र सैल, नाहीतर बाळाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. सिस्टर गाठ सोडतात. आता तुम्ही बांधा, ताई. पहिल्यांदा निसटतो. दुसऱ्यांदाही. हा भाग आम्ही कापलेला नाही.

(दृश्य: बाबा, शर्टाची बटणं काढताना, संकोचून.)

आईला जेवायचं असतं, झोपायचं असतं. बाबांची छातीही चालते. केस कितीही असले तरी.

२०२१ मध्ये पाच देशांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मल्याबरोबर हे सुरू केलेल्या छोट्या बाळांपैकी पहिल्या २८ दिवसांत १२ टक्के दगावली. बाळ स्थिरावण्याची वाट पाहिली तिथे १५.७ टक्के. फरक इतका उघड होता, की वाट पाहायला लावणं योग्य नाही म्हणून तो अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते: कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, जमेल तितक्या लवकर, दिवसाला ८ ते २४ तास.

(दृश्य: रात्र. वॉर्डातला मंद दिवा. तीच आई, टेकून बसलेली. पट्टा तिनं स्वतः बांधलाय. सिस्टर टेबलाशी लिहीत आहेत, त्यांचं लक्ष नाही. आई हात आत घालते. हाताची मागची बाजू. आधी पोट. मग पाऊल.)

(निवेदन नाही. वॉर्डाचा आवाज तसाच ठेवावा.)