हेर पकडायचा की अधिकारी निवडायचा?

माणसं पारखायला मानसशास्त्रीय चाचण्यांवर किती भरवसा ठेवायचा, हा आजचा प्रश्न. ऑल्ड्रिच एम्सपासून सुरुवात करतो. सीआयएचा हा अधिकारी 1985 पासून सोव्हिएत रशियाला गुपितं विकत होता. 1986 आणि 1991 अशी दोनदा त्याची पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडण्याची चाचणी, झाली आणि दोन्ही वेळा तो सहीसलामत सुटला. पकडला गेला 1994 मध्ये, तेही पगारात न बसणाऱ्या पैशांचा माग काढल्यावर. पहिल्या चाचणीआधी घाबरून त्यानं रशियन मंडळींना विचारलं होतं, काय करू? उत्तर आलं, रात्री छान झोप, परीक्षकाशी गोडीनं वाग. दहावीच्या पेपरला जाताना आजी हेच सांगते!

तुम्ही म्हणाल, पॉलिग्राफ म्हणजे श्वास, रक्तदाब, घाम मोजणारं यंत्र. ती कुठे मानसशास्त्रीय चाचणी? बरोबर. पण अडचण दोन्हींकडे तीच आहे. भाजीवालीचा काटा दर वेळी किलोमागे 50 ग्रॅम कमी दाखवत असेल, तर तो विश्वसनीय आहे, कारण त्याचं उत्तर बदलत नाही. पण ते उत्तर चूक आहे. चाचणी पुन्हा दिली तरी गुण तेवढेच येतात, ही झाली विश्वसनीयता. जे मोजायचं तेच मोजलं जातं का, ही यथार्थता. चाचण्यांच्या जाहिरातीत विश्वसनीयतेचा आकडा मोठ्या अक्षरात असतो.

आणि दोन्ही चांगल्या असल्या तरी गणित आडवं येतंच. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं 2003 मध्ये पॉलिग्राफवर अहवाल दिला. त्यातलं उदाहरण असं : 10,000 कर्मचारी, त्यांत 10 हेर. दहातले आठ हेर सापडावेत इतकी चाचणी कडक केली, तर त्यांच्याबरोबर सुमारे 1,600 निरपराध माणसंही संशयित ठरतात. तेवढ्यांची चौकशी कोण करणार? मग ढिली करा. आता निरपराध अडकतात चाळीसेक, पण दहातले आठ हेर निसटतात. यात यंत्राचा दोष थोडा, हेर विरळा असण्याचा जास्त. गवताच्या गंजीत सुई शोधताना प्रत्येक काडीवर संशय घ्यावा लागतो, तसं हे.

कॅलिफोर्नियात एका दुकान-साखळीनं सुरक्षारक्षक घेताना 700 हून अधिक प्रश्नांची चाचणी लावली होती. देवधर्म आणि लैंगिक आयुष्याबद्दलही प्रश्न होते. उमेदवार कोर्टात गेले. 1991 मध्ये अपील न्यायालयानं त्यांची बाजू उचलून धरली, कारण या प्रश्नांचा रखवालीच्या कामाशी संबंध कंपनीला दाखवता आला नाही. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. आधी कामात काय लागतं ते ठरवा, मग प्रश्न काढा. आपल्याकडच्या एचआरवाल्यांना हे उलटं करायची भारी हौस!

आता आपल्या एसएसबीकडे, म्हणजे सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाकडे येतो. समोर बसलेल्यांपैकी काहींनी तिथली परीक्षा दिली असेल. तिथलं काम हेर पकडण्याचं नाही, अनेकांतून काही निवडण्याचं आहे. इथे चूक झाली तर एखादा चांगला मुलगा घरी जातो, पण तो पुन्हा येऊ शकतो. म्हणून तिथे चाचण्यांना जागा आहे, असं माझं मत. पडद्यावर शब्द येतो, 15 सेकंदांत वाक्य लिहायचं, असे 60 शब्द. विचार करायला उसंतच नको, ही त्यामागची कल्पना. पण क्लासवाल्यांनी त्यावरही तोडगा काढलाय. शब्द कुठलाही येवो, मुलाचं वाक्य धैर्य नाहीतर नेतृत्वावरच जाऊन थांबतं. मी एकाला सराव म्हणून 'भीती' शब्द दिला, त्यानं लिहिलं, 'भीतीवर मात करता येते.' म्हटलं, तुला कशाची भीती वाटते? बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "सर, याचं उत्तर क्लासमध्ये सांगितलं नाही."

म्हणून तिथे कागदावर सगळं सोडत नाहीत. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा आणि मैदानावर गटाची कामं करवून घेणारा अधिकारी, तिघं आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. तिघांचं जुळलं नाही, की खरी चर्चा तिथे सुरू होते.