निवृत्तीची 48 वर्षं

(दृश्य: फर्ग्युसन कॉलेजची मुख्य इमारत. मुलं वर्गाकडे चालली आहेत.)

याच कॉलेजात 1891 ते 1914 अशी 23 वर्षं गणित शिकवून प्राध्यापक धोंडो केशव कर्वे, म्हणजे महर्षी कर्वे, सगळ्यांचे अण्णा, निवृत्त झाले. त्यानंतर ते 48 वर्षं जगले. नोकरीच्या दुपटीहून लांब अशी ही निवृत्ती. आपल्याला ती बघायची आहे, पण त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

1875 साल. दापोलीजवळच्या मुरुडचा एक मुलगा सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला पायी निघाला. कुंभार्ली घाट चढून, शंभरावर मैल तुडवून तो पोचला, आणि परीक्षकांनी त्याला बसूच दिलं नाही. वय सतराचं लागायचं आणि पोरगा दिसायचा लहान. तो तसाच परत आला. पुढच्या वर्षी कोल्हापूरहून पास झाला.

पहिली पत्नी राधाबाई 1891 मध्ये वारल्या. दुसरं लग्न कुमारिकेशीच करायचं, असा त्या काळचा रिवाज. अण्णांनी 1893 मध्ये लग्न केलं ते मित्राच्या विधवा बहिणीशी. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेतल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर नाव आनंदीबाई, पण सगळ्यांच्या त्या बायाच. हे लग्न मुरुडला मानवलं नाही. अण्णा घरी उतरले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचं, असं गावानं ठरवलं. ज्या आईनं वाढवलं, तिच्याच दारात जायची चोरी झाली.

(दृश्य: हिंगण्याची झोपडी, जतन केलेली.)

विधवांसाठी अण्णांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात प्लेग शिरला तेव्हा, 1900 मध्ये, आश्रम गावाबाहेर हिंगण्याला हलवला. रावबहादूर गोखल्यांनी सहा एकर जमीन दिली, तिथे ही झोपडी उभी राहिली. आज इथे रिक्षा मिळते. तेव्हा धड वाटही नव्हती. कॉलेजचे तास संपले की अण्णा पुण्याहून पायी निघायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत यायचे, मुलींना शिकवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉलेजात हजर. वर्गणी मागायची तीही अशीच, दारोदार. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, या कामात अण्णांच्या बरोबरीनं उतरल्या. संस्थेसाठी त्या गावोगाव हिंडल्या आणि पुढे थेट अमेरिकेला जाऊन आल्या.

अण्णांची देवावरची श्रद्धा किती, यावर वाद घालता येईल. सोवळंओवळं त्यांचं नव्हतंच. पण 1908 मध्ये त्यांनी निष्काम कर्ममठ काढला, तिथली शपथ एखाद्या व्रतासारखी आहे. आयुष्य या कामाला द्यायचं. स्वतःच्या फायद्याचा विचार करायचा नाही. आपल्या आणि कुटुंबाच्या पोटापाण्याची मठ जी सोय करील, तीत समाधान मानायचं. कुणाचा द्वेष करायचा नाही.

शपथ घेतली अण्णांनी, संसार मात्र बायांना चालवायचा होता. हाती आलेला पैसा आश्रमाकडे वळायचा आणि घरात चार मुलगे. बायांनी नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं, चार पैसे स्वतः मिळवले, आश्रमासाठी फंडही गोळा केला. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘माझे पुराण’. ते वाचल्याशिवाय अण्णांबद्दल बोलू नये, असं आमचं मत आहे. महर्षींच्या घरची चूल कशी पेटायची, ते त्यात कळतं.

(दृश्य: मुंबई, चर्चगेट. विद्यापीठाचं प्रवेशद्वार.)

आता ती निवृत्ती. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली आणि तो विचार डोक्यातून जाईना. 1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. शिक्षण मातृभाषेतून, आणि विद्यार्थिनी पहिल्या वर्षी पाच. लोकांना हसायला विषयच मिळाला. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. तेच हे एसएनडीटी.

सत्तरी ओलांडल्यावर अण्णा जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान, मग आफ्रिका. जिथे जातील तिथे विद्यापीठाची माहिती सांगायची आणि देणग्या मिळवायच्या.

इथवरचं बहुतेकांना माहीत असतं. त्यापुढचं फारसं कुणी सांगत नाही. 1936 मध्ये, 78 व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा पोचलीच नव्हती, तिथे शाळा काढायच्या. विद्यापीठ उभं करून झालेला माणूस पुन्हा पाटी-पेन्सिलीशी आला, स्वतःच्या पेन्शनमधून पैसे घातले, आणि वर्गणीसाठी पुन्हा दारं ठोठावू लागला. आमच्या लेखी अण्णांचं सगळ्यात मोठं काम हेच. इथे नाव व्हायचं नव्हतं, पदवीदान समारंभही व्हायचा नव्हता.

1944 मध्ये समता संघ. वय 86. विधवांचं झालं, मुलींचं झालं, खेड्यांचं झालं, आता जातिभेद. त्यासाठी ‘मानवी समता’ हे मासिक.

(दृश्य: 1958 चं टपाल तिकीट, जवळून.)

शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं, आणि त्याच वर्षी हे तिकीट निघालं. जिवंतपणी टपाल तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. देणगीसाठी जन्मभर पत्रं धाडणाऱ्या माणसाला टपाल खात्यानं हे देणं फेडलं, म्हणा ना. बाया मात्र हा सोहळा बघायला नव्हत्या, त्या 1950 मध्ये गेल्या होत्या.

9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात अण्णा गेले. हिंगण्याचं आता कर्वेनगर झालं आहे. झोपडीभोवती वाढलेल्या संस्थेनं 1991 मध्ये मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. गणित तिथे पहिल्या वर्षापासून सक्तीचं आहे.