82 दिवस नांगरावर

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सांगलीत नांगर म्हटलं की रान डोळ्यांपुढं येतं, बैल येतात, हल्ली ट्रॅक्टर येतो. आज मला बोलायचंय ते होडीच्या नांगराबद्दल. वीसेक किलोचं लोखंड आणि त्याला साखळी. पाणी जेवढं खोल, त्याच्या पाचपट तरी साखळी सोडायची, म्हणजे ती तळावर आडवी पसरते आणि नांगर रुतून बसतो. अशा रुतलेल्या नांगरावर 2020 साली मी 82 दिवस काढले. अकरा मीटर लांबीची शिडाची होडी, आणि माणसं दोन.

मी जहाजावर इंजिनिअर होतो. नोकरी संपवून गावभागातल्या घरी येऊन बसलो होतो. बरोबरीनं काम केलेल्या एका मल्याळी मित्रानं मलेशियात, लंगकावी बेटावर, जुनी होडी विकत घेतली आणि ‘कोचीला आणायची आहे, सोबत ये’ म्हणाला. पावसाळी वारे उलटायच्या आत अंदमानचा समुद्र ओलांडायचा, असा बेत होता. घरून एवढीच अट होती, की पाडव्याला परत यायचं.

18 मार्चला कोरोनामुळं मलेशियात संचारबंदी लागली. बंदरातून निघायचं नाही, पुढचं बंदर आत घेणार नाही. आपल्याकडे लॉकडाऊन सुरू झाला तो 25 मार्चला, आणि पाडवा त्याच दिवशी होता. बायकोनं फोनवर गुढी दाखवली, मागं रस्ता चिटपाखरूही नसलेला. तिकडं आपल्या जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं नाव रोज कोरोनाच्या बातम्यांत, इकडं आम्ही पाण्यावर. दोघांनाही एकमेकांची काळजी.

माझी आजी सांगायची, प्लेगात घरात उंदीर मरून पडला, की अख्खं गाव रानात खोपी घालून राहायला जायचं. होडीत बसून मला ती खोप फार आठवली. तसं पाहिलं तर समुद्राला हे नवीन नाही. क्वारंटाइन हा शब्दच व्हेनिसच्या लोकांचा, त्यात चाळीस दिवस आहेत. साथीच्या गावाहून आलेली जहाजं चाळीस दिवस बाहेर नांगरून ठेवायची, असा तो रिवाज. अजूनही परक्या देशाच्या बंदरात शिरताना होडीवर पिवळं निशाण चढवतात. ‘आमच्यात सगळे धडधाकट आहेत, आत येऊ द्या’ असा त्याचा अर्थ.

आता पाणी. सांगलीकराला हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. आमच्या खालच्या खोल्यांत पाणी, गल्लीत पाणी, आणि माडीवर आम्ही चार बाटल्या पुरवून पुरवून पीत होतो. होडीवर तीच गत, फक्त रोजची.

टाकी 200 लिटरची. ट्रॅक्टरच्या डिझेलच्या टाकीत काडी घालून बघतात ना, तशी आम्ही लाकडी पट्टी केली होती. तिच्यावर चाकूनं खुणा, एक खूण दहा लिटरची. रोज सकाळी पट्टी बुडवायची, आकडा वहीत. माणशी आठ लिटर, त्यात पिणं, चहा, स्वयंपाक आणि शेवटी अंगावर घ्यायला दोन लोटे. आंघोळ आधी समुद्रात, मग हे दोन लोटे मीठ घालवायला. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची, गोड्या पाण्यानं फक्त पुसून घ्यायची. भाताला चार भाग गोडं पाणी आणि एक भाग समुद्राचं, वेगळं मीठ नको. समुद्राच्या लिटरभर पाण्यात 35 ग्रॅम मीठ असतं, त्यामुळं पहिल्या दिवशी मी निम्मं निम्मं घेतलं तेव्हा तो भात माशांनी खाल्ला.

माणशी आठ म्हणजे 200 लिटर बारा दिवसांत संपणार. मग एक छोटं यंत्र होतं, खाऱ्याचं गोडं करणारं. आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओचंच तत्त्व, पण पाणी मेंब्रेनमधून, म्हणजे आतल्या बारीक पडद्यातून, ढकलायला हवेच्या दाबाच्या पन्नाससाठपट जोर लागतो. त्यामुळं पाणी येतं कसं, तर भरभरून नाही, सुतळीएवढी धार. तासाला साडेपाच लिटर. दुपारी ऊन डोक्यावर असताना चार तास चालवलं की 22 लिटर. आम्ही त्या धारेकडं बघत बसायचो, अगदी म्हैस पिळताना चरवीकडं बघावं तसं.

एप्रिल उजाडला आणि दुपारचे पाऊस सुरू झाले. ताडपत्री ताणून, मधे एक दगड ठेवून झोळ केला आणि खाली नळी. एका तासात टाकी तुडुंब. मी खूश होऊन यंत्र आठवडाभर बंद ठेवलं. इतकी वर्षं यंत्रांत काढूनही ही चूक माझीच. आत साचलेलं समुद्राचं पाणी नासलं आणि परत सुरू केल्यावर सडक्या अंड्याचा वास. ते धुऊन काढायला साठवलेलं वीस लिटर गोडं पाणीच घालवावं लागलं.

विजेचा हिशेब याहून कडक. शंभर वॅटची दोन सौर पॅनेलं, चांगल्या उन्हात दिवसाला साठेक अँपिअर-अवर. फ्रिज एकटाच त्यातले पन्नास खायचा. मी म्हणालो, बंद कर. तो म्हणाला, या उकाड्यात थंड पाणी तरी असू दे. दोन दिवस आम्ही बोललो नाही. अकरा मीटरच्या होडीत न बोलणं म्हणजे काय, ते एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना कळेल. तिसऱ्या दिवशी ढगाळलं, बॅटरी उतरली, नांगरलेल्या होडीवर रात्री लावायचा दिवा पिवळा पडला, आणि त्यानं मुकाट्यानं फ्रिजचं बटण खाली केलं.

फ्रिज नसताना भाज्या कशा टिकतात हे आपल्या बायकांना पाठ आहे, मला तिथं शिकावं लागलं. कोबी चिरायचा नाही, वरून एकेक पान सोलत जायचं. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत. अंडी न धुतलेली घ्यायची आणि दर दोन दिवसांनी उलटी करायची, महिनाभर निघतात. कणकेत टोके झाले ते चाळून टाकले, काही पोटात गेलेच. पण खरी मौज मटकीची. मी घरून निघताना दोन किलो मटकी आणि तासगावचे बेदाणे नेले होते. मूठभर मटकी ओल्या फडक्यात बांधून टांगली की दीड दिवसात मोड. ताजं हिरवं असं तेवढंच. पूर्वी लांबच्या प्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजून दात पडायचे. जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरनं 1747 मध्ये जहाजावरच्या आजाऱ्यांना वेगवेगळं खायला घालून पाहिलं, आणि संत्री-लिंबं खाणारे उठून उभे राहिले. आमच्याकडं लिंबाचं लोणचं होतं, पण माझा भरवसा मटकीवर जास्त. मित्राला उसळ इतकी आवडली की पुढं मटकी तोच मोजून द्यायला लागला, मला जास्त मिळू नये म्हणून.

बाकी दिवस जायचे कामात. बुडाला शंखशिंपले चिकटतात, डुबकी मारून खरवडायचे. दोर उन्हानं खाल्लेले, ते बदलायचे. संध्याकाळी आसपासच्या होड्यांशी वायरलेसवर गप्पा, दुरूनच.

लोक मला विचारतात, म्हणजे तुम्ही अगदी स्वयंपूर्ण होता? नाही हो. गॅसचं सिलिंडर आणि तांदूळ बेटावरच्या दुकानातूनच यायचे. घरटी एकानं जायचं असा नियम, म्हणून कधी तो, कधी मी, तोंडाला फडकं बांधून. दुकान बंद झालं असतं तर आमची स्वयंपूर्णता तीन आठवड्यांत आटोपली असती. आमच्याकडं जास्त काय होतं, तर वही. काय किती उरलंय हे रोज सकाळी ठाऊक असायचं.

जूनमध्ये विमानानं परतलो, होडी तिथंच राहिली. आल्या आल्या मी गच्चीवर एक पॅनेल, एक बॅटरी आणि दोनदोनशे लिटरचे तीन ड्रम मांडले. गल्लीत चेष्टा झाली, ‘काका, शीड कधी लावताय?’

जुलै 2021 मध्ये कृष्णा पुन्हा गावात शिरली. वीज तोडलेली. संध्याकाळपर्यंत आमच्या माडीवर शेजारची तीन घरं आली, लहान पोरांसकट, प्रत्येकाच्या हातात उतरलेला मोबाइल. शीड विचारणाराच पहिला म्हणाला, ‘काका, होडीवर चार्जर आहे का?’ बॅटरी दुसऱ्या दिवशी दुपारीच बसली.

मी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं होतं: पाणी 600 लिटर, माणसं 2, दिवस 37. त्यातला 2 खोडून मी 19 केला आणि टॉर्चच्या उजेडात परत भागाकार मांडला. चार दिवस आले. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, ‘आंघोळीचं धरलंय का त्यात? ते काढा.’