पृथ्वीला फेरी मारण्याआधी कोर्टाच्या फेऱ्या

नमस्कार मंडळी. एवढ्या उकाड्यात समुद्रावरचं बोलणं ऐकायला नाशिककर आलेत, कमाल आहे. आपण नाशिककर जिला गंगा म्हणतो ती गोदावरी त्र्यंबकला उगवते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर, पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर पूर्वेला जाते, म्हणजे समुद्राशी आपलं जमतं किती ते नदीनेच सांगून ठेवलंय. असो.

लॉरा डेकर ही डच मुलगी. जन्म १९९५ चा आणि तोही न्यूझीलंडमध्ये, कारण आईवडील तेव्हा बोटीने जगप्रवासाला निघालेले. सहाव्या वर्षी ही स्वतःची छोटी शिडाची होडी एकटी चालवायची. २००९ च्या मे महिन्यात, १३ वर्षांची असताना, कुणाला न घेता बोट काढून इंग्लंडला पोचली. तिथल्या अधिकाऱ्यांनी वडिलांना कळवलं की या आणि पोरीला घेऊन जा. वडील गेले, आणि काय केलं तर तिला पुन्हा एकटीलाच बोट घेऊन घरी येऊ दिलं!

मग तिने जाहीर केलं की मला एकटीने जगाला फेरी मारायचीय, आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते. बालसंरक्षणवाले कोर्टात गेले, ऑगस्ट २००९ मध्ये उट्रेख्तच्या कोर्टाने सांगितलं की आता हिच्या पालकत्वात सरकारचाही वाटा राहील. डिसेंबरात पोरगी घरातून गायब, सापडली कुठे तर कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर, पोलिसांनी परत आणली. जुलै २०१० मध्ये कोर्टाने शेवटी हात काढून घेतला.

आता इथे लोक दोन बाजूंना वाटले जातात, की सरकारला काय पडलंय, किंवा बापाला अक्कल नाही. मला विचाराल तर कोर्टाची पद्धत चुकली, पण विचारलेले प्रश्न चुकले नव्हते. एकटी आहेस तर झोपणार कधी? लागलं खुपलं तर कोण बघणार? बोट टिकणार का? आणि त्या वर्षभरात तिने नेमकं हेच केलं, मोठी दणकट बोट घेतली, साधारण साडेअकरा मीटरची, दोन डोलकाठ्यांची, नाव गप्पी, प्रथमोपचाराचा कोर्स केला, कमी झोपेत काम करायची प्रॅक्टिस केली. आपल्याकडे पंधराव्या वर्षी पोराला क्लाससाठी कोटा नाहीतर लातूरला खोली करून देतो तेव्हा यातला एक तरी प्रश्न कोण विचारतं? फी किती एवढंच विचारतो.

झोपेचं जरा नीट सांगतो, कारण सगळे वादळाचंच विचारतात. छोट्या बोटीत उभं राहिलं की डोळे पाण्यापासून दोन-अडीच मीटर वर, म्हणजे क्षितिज पाच-सहा किलोमीटरवर. मोठं जहाज उंच असतं म्हणून ते अजून लांबून दिसतं, पण ते येतं ताशी तीस-पस्तीस किलोमीटरने, वीस मिनिटांत दहा-बारा किलोमीटर कापतं, आणि हवा धूसर असेल तर ते दिसेपर्यंत जवळ आलेलं असतं. म्हणून वर्दळीच्या पाण्यात एकटा दर्यावर्दी वीस-वीस मिनिटांचीच डुलकी काढतो, अलार्म वाजला की वर येऊन चारी बाजू बघायच्या, रडार बघायचं, परत आडवं व्हायचं, असं रात्रभर. तेवढ्या वेळात सुकाणू कोण धरतं? विंडवेन नावाचं यंत्र, मागे एक पातं असतं, वाऱ्याची दिशा पकडून सुकाणू आपोआप वळवतं, वीज लागत नाही. वारा फिरला की मात्र बोटही निमूटपणे त्याच्यामागे फिरते, त्यामुळे त्याच्या भरवशावर तासन्‌तास घोरता येत नाही.

आणि हे पुस्तकी नाहीये. अशीच एकटीने जगाला फेरी मारायला निघालेली ऑस्ट्रेलियाची जेसिका वॉटसन, तिची बोट मुख्य प्रवासाआधीच, सप्टेंबर २००९ मध्ये, रात्री एका मालवाहू जहाजावर आदळली, ती आत झोपायला गेली होती, डोलकाठी मोडली. सगळ्यांनी म्हटलं बस झालं. ती बोट दुरुस्त करून ऑक्टोबरात सिडनीहून निघाली आणि १५ मे २०१० ला, सतराव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, कुठेही न थांबता परत आली.

लॉरा थांबत थांबत गेली. ऑगस्ट २०१० मध्ये जिब्राल्टरहून निघाली, फेरीचा हिशोब सेंट मार्टिनपासून, २० जानेवारी २०११ ते २१ जानेवारी २०१२. पनामा कालवा, गॅलापॅगोस, ताहिती, फिजी, ऑस्ट्रेलियातलं डार्विन, आणि मग हिंदी महासागर. सोमाली चाच्यांमुळे तांबड्या समुद्राकडून जायचं टाळून थेट दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन गाठलं, मध्ये दीड महिना माणूस नाही. परतली तेव्हा १६ वर्षांची. गिनीजवाले सगळ्यात लहान दर्यावर्दीचा विक्रम नोंदवतच नाहीत, चांगलंच आहे, नाहीतर कुणी बारा वर्षांच्या पोराला ढकललं असतं.

आपल्याकडे कॅप्टन दिलीप दोंदे, आपले मराठी, २०१० मध्ये म्हादेई बोटीतून एकट्याने फेरी पूर्ण करणारे पहिले भारतीय. ती कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींची. मग नौदलाच्या सहाजणींनी २०१७-१८ मध्ये तारिणी बोटीतून फेरी केली, आणि २०२४-२५ मध्ये त्याच तारिणीतून नौदलाच्याच दिलना आणि रूपा, दोघीच. दोघी असल्या की एक झोपते तेव्हा दुसरी जागते, हा फरक केवढा मोठा आहे ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

नाशिकला समुद्र कुठाय म्हणाल, तर चांदवडसारख्या पाण्याची ओरड असलेल्या तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेला.

चला, आता प्रश्न घेऊ. आईबापांनी आधी विचारा, मागे बसलेल्या पोरांशी मी नंतर खाली उतरून बोलतो, त्यांचे प्रश्न वेगळे असतात.