ठोकलेलं की ओतलेलं?

श्रोतेहो, नमस्कार. रोमन सम्राटाचं सोन्याचं नाणं समोर आलं, तर आधी ते काट्यावर ठेवा. चेहरा नंतर, आधी वजन. या नाण्याला ऑरियस म्हणत. ऑगस्टसच्या काळात ते पावणेआठ ग्रॅमच्या थोडं वर भरायचं. इ.स. 64 च्या सुमारास नीरोनं ते सव्वासातावर आणलं; आपल्या सराफाच्या भाषेत पाऊण तोळ्याला थोडं कमी. पुढे कॉन्स्टन्टाइनचं सॉलिडस आलं, साडेचार ग्रॅमचं. सोनं मात्र जवळजवळ शुद्ध. नाहीतर हल्लीच्या हारातल्या पुतळ्या, फुंकर मारली तर उडतील! असो.

वजनानंतर बघायचा ठसा. रोमन टाकसाळीत सोन्याची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोडा मारत. ओतीव नाण्याच्या कडेला साच्याची शिवण दिसते, अंगावर बारीक खळगे असतात, अक्षरं बोथट असतात. म्हणजे नाणं ठोकलेलं हवं, ओतलेलं असेल तर संशय घ्यायचा.

पण इथे मला स्पॉन्सिअन आडवा येतो. 1713 साली ट्रान्सिल्वेनियात, म्हणजे आजच्या रुमानियात, सोन्याची काही नाणी सापडली. त्यांतल्या काहींवर मुकुटधारी चेहरा आणि नाव, स्पॉन्सिअन. आता गंमत ऐका. या नावाचा सम्राट रोमच्या कुठल्याही इतिहासकाराला माहीत नाही! मागच्या बाजूला चित्र कुठलं, तर स्पॉन्सिअनचा म्हणून मानतात त्या काळाच्या, म्हणजे इ.स. 260 नंतरच्या, चारशे वर्षं आधीच्या चांदीच्या नाण्यावरचं. आणि नाणं ठोकलेलं नाही, ओतलेलं! एकोणिसाव्या शतकात फ्रेंच जाणकार आंरी कोएन यांनी ते सरळ बनावट ठरवलं, वर बनावटही वाईट म्हणाले. झालं, नाणं गेलं कपाटात.

त्यातलं एक ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे पॉल पिअरसन आणि सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली घातलं, आणि 2022 मध्ये निष्कर्ष छापला. नाण्यावर हातोहात फिरल्याचे ओरखडे आहेत, वर घट्ट बसलेला मातीचा थर आहे, म्हणजे नाणं खूप काळ पुरलेलं होतं. त्यांचा तर्क असा, की इ.स. 260 नंतरच्या धामधुमीत डेसिया, म्हणजे ट्रान्सिल्वेनिया ज्यात येतं तो रोमन प्रांत, रोमपासून तुटला, तिथल्या सेनापतीनं सत्ता हातात घेतली आणि खाणीतल्या सोन्याची नाणी जमेल तशी पाडली. बऱ्याच नाणेतज्ज्ञांना हे पटलेलं नाही.

ओरखड्यांबद्दल मी काय बोलणार? पण त्या नाण्यावरचं नाव चक्क षष्ठी विभक्तीत आहे, ‘सम्राट स्पॉन्सिअनचं’. एरवी तिथे प्रथमा असते. शाळेत लॅटिन नको म्हणणाऱ्यांनो, संस्कृतही नको म्हणणाऱ्यांनो, व्याकरण असं कामी येतं! स्वतःच्या सम्राटाचं नाव टाकसाळीतला माणूस असं का लिहील? माझं घोडं तिथेच अडलंय.