परिषदेच्या दारात उभं राहताना

नमस्कार, श्रोतेहो.

पुण्यात गोखले संस्थेत, ‘यशदा’ या सरकारी प्रशिक्षण संस्थेत किंवा विद्यापीठात अर्थविषयक परिषद भरली की स्वागताला, नोंदणीला आणि पत्रकारांच्या मागेपुढे धावायला विद्यार्थी लागतात. ते येतात पत्रकारितेचे, बीबीएचे, बी.ए. अर्थशास्त्राचे. दोन दिवस राबायचं, गळ्यात बिल्ला, जेवण आणि शेवटी एक प्रमाणपत्र. ज्यांना पुढे जनसंपर्कात नोकरी करायची आहे, त्यांनी या दोन दिवसांतून काय काय पदरात पाडून घ्यावं, ते आज बोलू.

महाविद्यालयातल्या महोत्सवापेक्षा अर्थपरिषदेत जास्त शिकायला मिळतं. महोत्सवात पाहुणा नट असतो, त्याची बातमी आपोआप होते. इथे पाहुणा राजकोषीय तुटीवर, म्हणजे सरकारच्या मिळकतीपेक्षा जास्त होणाऱ्या खर्चावर, पन्नास मिनिटं बोलतो आणि त्यातून उद्याच्या पानावर सहा ओळी यायला हव्यात. त्या सहा ओळींत दोन आकडे असतात. त्यातला एक जरी चुकला तरी परिषदेचं नाव चुकीच्या कारणासाठी छापून येतं. म्हणून पहिली गोष्ट लिहून घ्या: नाव, पद, आकडा. तिन्ही दोनदा तपासायचे.

माध्यम कक्षात काम मिळालं तर आदल्या संध्याकाळी एक तक्ता हाताने लिहून टेबलाला चिकटवा. एक मिलियन म्हणजे दहा लाख. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. पुन्हा सांगतो, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. घाईत मनातल्या मनात हिशेब केला की एखादं शून्य सांडतंच.

टक्क्यांचं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला. वक्ता म्हणतो, पंचवीस बेसिस पॉइंटची कपात. ऐकणाऱ्याला ‘पंचवीस’ ऐकू येतं, ‘बेसिस पॉइंट’ ऐकू येत नाही, आणि टिपणात पडतं ‘२५ टक्के कपात’. बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग, खरी कपात पाव टक्क्याची. तसंच महागाईचं. महागाईचा दर उतरला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नाही. भाव चढतच असतात, चढण्याचा वेग कमी झालेला असतो. मथळ्यात ‘स्वस्ताई’ लिहिलंत तर मंडईत भाजी घेणारा माणूस तुमच्या परिषदेला वेड्यात काढेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

प्रसिद्धिपत्रक तीनशे ते साडेतीनशे शब्दांचं. पहिल्या परिच्छेदात कोण काय म्हणालं ते. दीपप्रज्वलन शेवटच्या ओळीत, किंवा नाहीच. आणि कृपा करून ‘सदर कार्यक्रमप्रसंगी मान्यवरांच्या शुभहस्ते’ हे लिहू नका. ते वाक्य संपादक सगळ्यात आधी खोडतो. मराठी पत्रक इंग्रजीवरून भाषांतर करून नव्हे, भाषणाच्या टिपणावरून वेगळं लिहा. मजकूर युनिकोडमध्ये, ईमेलच्या आतच टाका. जुन्या फाँटमधलं समोरच्या संगणकावर उघडलं की चौकोन दिसतात, आणि पीडीएफमधून मराठी उचलताना काने-मात्रे तुटतात. फोटो व्हॉट्सॲपवर नुसता टाकला की बारीक होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. खाली ‘डावीकडून’ असं लिहून सगळी नावं. हे सगळं संध्याकाळी पाचच्या आत. त्यानंतरचं पत्रक भरत आलेल्या पानात जागा शोधत बसतं.

पत्रकाराने तुम्हाला प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं नाही, अगदी माहीत असलं तरी. प्रश्न, त्यांचं नाव, वृत्तपत्र, फोन आणि उत्तर किती वाजेपर्यंत हवं ते वहीत उतरवा, माध्यमप्रमुखाकडे द्या, आणि पंधरा मिनिटांत परत जाऊन सांगा की काय झालं. उत्तर मिळालं नसलं तरी परत जायचं. ‘बघतो’ म्हणून गायब होणारा स्वयंसेवक पत्रकारांच्या चांगला लक्षात राहतो.

जाता जाता एक. अर्थपरिषदेच्या सूत्रसंचालनात चारोळ्या कशाला लागतात, हे एक कोडंच आहे. चलनवाढीच्या सत्राआधी पावसावरची कविता! तीन चारोळ्या आणि अकरा पुष्पगुच्छ मिळून वीस मिनिटं जातात, आणि ती कापली जातात प्रश्नोत्तरांतून. असो.

आता दाराकडे येऊ. खरं तर मला दाराचंच सांगायचं होतं.

साधारण १८८६ ची गोष्ट. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये एक सार्वजनिक समारंभ होता. निमंत्रणपत्रिका दाखवेल त्यालाच आत सोडायचं, असं ठरलेलं. दाराशी उभा केला होता शाळेतलाच एक तरुण शिक्षक. वय विशीचं. पाहुणे येत होते, पत्रिका दाखवत होते, आत जात होते. आणि मग एक गृहस्थ आले. भारदस्त व्यक्तिमत्त्व, वय चाळिशीच्या पुढचं. पत्रिका मात्र नाही.

तरुणाने नम्रपणे सांगितलं, पत्रिकेशिवाय आत सोडता येणार नाही.

हे गृहस्थ होते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. तेव्हा पुण्यात न्यायाधीश, लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या सार्वजनिक सभेचा मोठा आधार. पुढे १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर त्यांनी जे व्याख्यान दिलं, ते या विषयाचा अभ्यास करणारे आजही वाचतात. म्हणजे या शहरात ज्यांना कुठल्याच दारात पत्रिका विचारली जाऊ नये, तेच दारात थांबले. इतक्यात स्वागत समितीचे एक चिटणीस, आबासाहेब साठे, यांच्या ते लक्षात आलं. ते पुढे झाले आणि रानड्यांना सन्मानाने आत घेऊन गेले.

आणि दाराशी उभा असलेला तो तरुण? गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांच्या चरित्रांत ही गोष्ट येते. सांगणारे ती बहुतेक वेळा शिस्तीवर संपवतात, की बघा, नियम म्हणजे नियम, समोर रानडे असले तरी. पण जनसंपर्काच्या बाजूने पाहिलं तर या गोष्टीतला महत्त्वाचा माणूस साठे. कारण गोखल्यांकडे एकच सूचना होती, पत्रिका बघा. पत्रिका नसलेल्या मोठ्या माणसाचं काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितल्याचं गोष्टीत कुठेच येत नाही. हाका मारण्याच्या अंतरावर साठे होते म्हणून प्रसंग निभावला. साठे आत व्यासपीठावर हारांची ताटं मोजत बसले असते, तर?

म्हणून परिषदेत तुम्हाला नोंदणीवर बसवलं की आयोजकांना तीन गोष्टी विचारा. पत्रिका नसली तरी ज्यांना थांबवायचं नाही, त्यांची नावं कोणती? त्यांचे चेहरे ओळखणारा, निर्णय घेऊ शकणारा माणूस दारापासून किती पावलांवर असेल? आणि तो जेवायला गेला की त्याच्या जागी कोण? ही तीन उत्तरं मिळेपर्यंत खुर्चीवर बसू नका. पुन्हा सांगतो: नावं कोणती, निर्णय कुणाचा, आणि तो नसेल तेव्हा कोण.

दारात बोलायचं कसं, तेही आधी ठरवा. ‘तुम्ही कोण?’ हे नाही. ‘पास नाही तर आत नाही’ हे तर नाहीच. ते पुण्यात पाटीवर शोभतं, तोंडी नाही. ‘आपलं नाव सांगता का? आत निरोप देतो, तोवर बसा.’ एवढं पुरे. मात्र ‘बसा’ म्हणायला दाराशी दोन खुर्च्या हव्यात, आणि त्या कुणी मांडलेल्या नसतात. त्या तुम्ही मांडा.

रांगेचा हिशेब आयोजक चुकवतात तो असा. एकाचं नाव शोधून बिल्ला हातात द्यायला चाळीस सेकंद लागतात. म्हणजे एका टेबलावर तासाला नव्वद माणसं. तीनशे पाहुण्यांना चार टेबलं भरपूर, असं वाटतं. पण उद्घाटन दहाला असेल आणि निम्मे लोक शेवटच्या पंधरा मिनिटांत आले, तर चार टेबलांवरून त्या वेळात नव्वदच जण सुटतात. साठ माणसं बाहेर ताटकळत असतात आणि आत समई पेटते. उपाय सोपे आहेत. वक्त्यांचे बिल्ले आदल्या रात्री त्यांच्या मुक्कामी पोचवा. यादी आडनावाच्या अक्षरांनी वाटताना अक्षरं सारखी वाटू नका, माणसं सारखी वाटा. कुलकर्णी, केळकर, काळे एका टेबलावर आले की ती रांग जिन्यापर्यंत जाते, आणि शेजारचं टेबल रिकामं बसतं. बिल्ल्यावर नाव दोन्ही बाजूंनी छापा, कारण दोरीवरचा बिल्ला उलटतोच. यादी कागदावर हवी, नेट जातं. आणि रांगेपासून चार हात दूर एक वेगळं टेबल, ज्यांचं नाव सापडत नाही त्यांच्यासाठी. कोरे बिल्ले, जाड पेन, आणि तिथे विद्यार्थी नको. तिथे साठे बसवायचे.

त्या दारातल्या तरुणाचं पुढे काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. रानड्यांच्याच हाताखाली ते सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं काम शिकले. २६ मार्च १९०२ ला कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारला सुनावलं की तिजोरीत उरलेली शिल्लक ही भरभराट नव्हे, तो जादा कराचा पुरावा आहे.

पण मधे १८९७ साल आहे. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे गोखल्यांनी लंडनला साक्ष दिली. आकड्यांवर पक्की, उलटतपासणीला टिकलेली. त्याच मुक्कामात पुण्याहून पत्रं आली, प्लेगच्या झडत्यांत सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची. गोखल्यांनी ते मँचेस्टर गार्डियन या इंग्रजी वृत्तपत्राला सांगितलं. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा पत्र लिहिणारे नावं द्यायला पुढे आले नाहीत. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. साक्षीवर कुणी बोलेना, माफीवर सगळे बोलायला लागले. म्हणून आपल्या यादीत चौथी गोष्ट: नाव, पद, आकडा, आणि हे कुणी सांगितलं.

वेळ सरत आली, उरलेलं भराभर सांगतो. काही सत्रं चॅटहॅम हाउसच्या नियमाने चालतात. मुद्दा बाहेर सांगता येतो, तो कुणी मांडला ते नाही. अशा सत्रातून फोटोही टाकू नका. वक्त्याला उशीर झाला तर सभागृहात ‘थोड्याच वेळात’ म्हणू नका, ‘अकरा चाळीसला सुरू होईल’ म्हणा. प्रमाणपत्रावर नुसतं ‘स्वयंसेवक’ लिहून घेऊ नका. ‘माध्यम कक्ष, मराठी पत्रक’ असं काम लिहायला सांगा, आणि ते पहिल्या दिवशीच सांगा. शेवटच्या दिवशी छपाई झालेली असते. तुम्ही लिहिलेलं पत्रक आणि दुसऱ्या दिवशी छापून आलेलं कात्रण शेजारी शेजारी ठेवा, संपादकाने काय काय उडवलं त्यावर लाल खूण करा. मुलाखतीला जाताना तेच दोन कागद घेऊन जा.

नमस्कार.