पहिला वाटा

[दृश्य: पहाटेचं धुकं. स्प्रूसचं रान. दूरवर कुत्र्याचं भुंकणं.]

सप्टेंबरचा पहिला सोमवार. उत्तर स्वीडनमध्ये मूसची शिकार आज सुरू होते. येम्टलांड प्रांतातल्या या खेड्यात आज अमुक माणूस कामावर का आला नाही, असं कुणी विचारत नाही.

मूस हे जगातलं सगळ्यात मोठं हरीण. खांद्यापाशीच माणसाच्या डोक्याइतकं उंच. मी साताऱ्याकडची. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार थांबली, त्यामुळे पारध, हाकारा, मचाण हे शब्द मला फक्त आजोबांच्या तोंडून माहीत. इथे ते सगळे समोर उभे राहिले.

[दृश्य: ओढ्याकाठचा खडक, त्यावर कोरलेल्या आकृत्या.]

हा ग्लोसा गावचा खडक. सुमारे 6000 वर्षांपूर्वी कुणीतरी इथे बसून दगडावर दगड घासत, ठोकत ही चित्रं काढली. जवळजवळ सगळे मूसच. पुढे कितीतरी शतकं लोक मूसच्या येण्याजाण्याच्या वाटेवर खड्डे खणून त्यांना पकडत. 1864 मध्ये त्यावर बंदी आली. ते खड्डे अजून रानात आहेत, शेवाळाने भरलेले. पाय घसरला की कळतं. येम्टलांड प्रांताच्या चिन्हावरही मूसच आहे, रुपेरी रंगाचा, पाठीवर ससाणा झेपावलेला.

[दृश्य: नारिंगी टोप्या, थर्मास, उघडलेला नकाशा.]

ही आमची टोळी. चौदा माणसं. बंदूक फक्त परीक्षा पास झालेल्यांच्या हातात. लेखी परीक्षा वेगळी, नेमबाजीची वेगळी. मी नवखी, म्हणून माझ्याकडे पाण्याची बाटली आणि कॅमेरा. शिकारप्रमुख नकाशावर बोट ठेवून प्रत्येकाची जागा सांगतात. या वर्षी या रानातून किती मोठे आणि किती पिल्लं घ्यायची, ते आधीच ठरलेलं असतं. मादीबरोबर पिल्लू असेल तर आधी मादीवर गोळी चालवायची नाही. ते हे तीनदा सांगतात.

[दृश्य: लाकडी मचाण. पायथ्याशी लाल लिंगोनबेरी.]

मी ज्यांच्याबरोबर बसले त्या बाई सत्तरीच्या. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात. मला ते जमेना. मनातल्या मनात मी त्यांना मावशी म्हणत राहिले.

मावशी चार तास हलल्या नाहीत. फक्त डोळे हलत होते.

कुत्रा आहे येम्टहुंड, याच मुलखातली जात. तो मूसला पळवत नाही, थांबवतो. समोर उभं राहून एका लयीत भुंकतो, आणि मूस त्याच्याकडे बघत उभा राहतो. गळ्यातल्या पट्ट्यामुळे तो कुठे आहे ते प्रत्येकाच्या फोनवर दिसतं. पण मावशींनी फोन खिशातच ठेवला. त्या भुंकण्यावरूनच अंतर ओळखत होत्या.

अकरा वाजून वीस मिनिटांनी एक गोळी वाजली. आमच्या मचाणावरून नाही. पलीकडच्या दलदलीतून.

[दृश्य: शेवाळावर पडलेला तरुण नर. चार सेकंद शांतता.]

इथून पुढे खरं काम, आणि इथून पुढे बंदूक कुणाच्या हातात दिसत नाही. मला हीच गोष्ट सगळ्यांना दाखवायची होती.

पोट फाडताना सुरीचं टोक वर ठेवतात, पात्याखाली दोन बोटं धरून, म्हणजे कोथळ्याला भोक पडत नाही. भोक पडलं तर मांस नासलं. अन्ननलिकेला गाठ मारतात. सगळं गरम असतं. हात कोपरापर्यंत आत जातो आणि थंडीत त्यातून वाफ येते. काळीज आणि हृदय स्वच्छ पिशवीत. आतडी रानातच. आम्ही निघेपर्यंत डोमकावळे झाडावर येऊन बसले होते.

[दृश्य: रबरी पट्ट्यांवर चालणारी छोटी गाडी, मागे मूस.]

हिला लोखंडी घोडा म्हणतात. दलदलीतून, ओंडक्यांवरून ती मूसला ओढत आणते, आणि चालवणारा तिच्याबरोबर पायी चालतो.

शेडमध्ये मूस उलटा टांगला. कातडं काढताना सुरी कमी, मूठ जास्त. मावशींनी माझी मूठ कातडं आणि मांसाच्या मधे घातली आणि म्हणाल्या, दाब. कातडं ओल्या कापडासारखं सुटत गेलं. खालचा जबडा वेगळा काढून तपासणीला पाठवतात. दाताच्या मुळाचा पातळ काप घेऊन, झाडाची वलयं मोजावीत तशी जनावराची वर्षं मोजतात.

मग मांस मुरेपर्यंत थांबायचं. इथला हिशेब साधा आहे. रोजचं सरासरी तापमान बेरजेला धरायचं आणि बेरीज चाळीस झाली की मांस उतरवायचं. शेडमध्ये आठ अंश, म्हणजे पाच दिवस. पाचव्या दिवशी मांसावर कोरडी, गडद साय धरलेली होती. बोट लावलं तर चिकटत नव्हतं. वास जवळजवळ नाहीच. लोखंडाचा, थोडा कातीव लाकडाचा.

[दृश्य: लांब टेबल, सुऱ्या, मांसाचे चौदा ढीग.]

फरे, मांड्या, पाठ, मान, बरगड्या. मऊ मांस वेगळं, शिजायला वेळ लागणारं वेगळं, खिम्याचं वेगळं. मग वाटे. आमच्या गावात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानांवर मटणाचे वाटे घालतात, अगदी तसेच. गोळी ज्याची लागली त्याचा ढीगही तेवढाच. एक जण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. दुसरा ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कुणाचा? भिंतीकडे बघणारा एक नाव घेतो.

सातव्या ढिगाला माझं नाव आलं. मी गोळी चालवली नव्हती. मी कातडं ओढलं होतं, टेबल पुसलं होतं, पिशव्यांवर तारखा लिहिल्या होत्या. त्याचा वाटा मिळतो.

1982 मध्ये स्वीडनमध्ये सुमारे 1,74,000 मूस मारले गेले. आज आकडा त्याच्या निम्म्याहूनही खाली आहे. कोवळे पाइन खाल्ले जातात म्हणून जंगलमालकांना मूस कमी हवेत, शिकाऱ्यांना जास्त, आणि हा वाद मिटलेला नाही.

[दृश्य: स्वयंपाकघर. बर्फासारखा कडक मांसाचा गोळा ओव्हनमध्ये.]

मावशींनी मला त्यांच्या भागातला एक प्रकार शिकवला. गोठलेला मांडीचा तुकडा, न वितळवता, रात्रभर अगदी मंद ओव्हनमध्ये. सकाळी तो गरम तुकडा मीठ, साखर, मिरी आणि तमालपत्राच्या पाण्यात चार-पाच तास बुडवायचा. मग थंड करून कागदासारखे काप. आत गुलाबी, कडेला तपकिरी. सोबत लिंगोनबेरीचा मुरंबा.

नळीच्या मांसाचा मी रस्सा केला. कांदा-खोबऱ्याचं वाटण, घरून आणलेला काळा मसाला. मूसच्या मांसाला चरबी जवळजवळ नसतेच, म्हणून तेल जरा जास्त. शिकारप्रमुखांनी पहिला घास घेतला, पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला आणि वाटी पुढे केली.

रात्री आईला व्हिडिओ लावला. तिने वाटीत वाकून बघितलं.

"किती शिट्ट्या लागल्या गं?"

"सात."

[दृश्य: खिडकीबाहेर अंधार. आवाज थांबतो.]